पुराचे माप

इजिप्त म्हणजे नाईल नदीचे दान, हे वाक्य शाळेच्या पुस्तकातून आपल्या डोक्यात इतके घट्ट बसते की ते कोणी आणि कशाबद्दल लिहिले याची चौकशी करावीशीही वाटत नाही. ते ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या नावावर आहे. इ.स.पू. पाचव्या शतकात तो इजिप्तमध्ये हिंडला. नदीने समुद्रात गाळ लोटून तयार केलेला त्रिभुज प्रदेश पाहून त्याने ही भूमी नदीची देणगी असल्याचे नोंदवले. मूळ विधान असे जमीन कशी तयार झाली याबद्दलचे होते. पुढच्या पिढ्यांनी ते सगळ्या संस्कृतीला लावले. त्याला हिरोडोटसचाही थोडा हातभार आहे. इथल्या शेतकऱ्याइतक्या कमी कष्टात जगात कोणालाच पीक मिळत नाही, असे त्याने लिहून ठेवले. नांगर नको, कुदळ नको. नदी आपण होऊन शेतात येते, पाणी पाजून माघारी जाते, शेतकरी बी फेकतो, ते तुडवायला डुकरे सोडतो आणि कापणीची वाट पाहत बसतो. खडकाळ डोंगरउतारावर शेती करणाऱ्या ग्रीसमधून आलेल्या माणसाला हेवा वाटावा असेच ते दृश्य असणार. पण दान म्हटले की घेणाराही आला, आणि त्याच्या पदरात किती पडते हे पदर किती रुंद आणि किती मजबूत यावरही ठरते. नाईलने पूर दिला. त्या पुराचे पीक करणे, पिकाचा साठा करणे आणि साठ्याची वाटणी करणे ही तीन कामे मात्र माणसांना करावी लागली. इजिप्तच्या तीन हजार वर्षांतली भरल्या पोटाची आणि उपाशी वर्षे नुसत्या नदीकडे पाहून उलगडत नाहीत. या तीन कामांकडे पाहिले की उलगडू लागतात.

आधी नदीची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती लहान नाही. दक्षिण इजिप्तमध्ये पाऊस जवळपास पडतच नाही. आस्वानच्या शेतकऱ्याच्या आयुष्यात ढग हा पिकाशी संबंध नसलेला प्रकार होता. त्याचा पाऊस दोन हजार किलोमीटर दूर, इथिओपियाच्या पठारावर पडत असे. जून ते सप्टेंबर तिथे मोसमी पाऊस कोसळतो. निळी नाईल आणि अटबारा या नद्या तो पाऊस आणि डोंगरांची काळी माती घेऊन खाली धावतात. पांढरी नाईल मध्य आफ्रिकेतल्या मोठ्या सरोवरांतून येते, सुदानच्या दलदलीत रेंगाळते आणि वर्षभर जवळपास एकाच चालीने वाहते. नदी बारमाही राहते ती तिच्यामुळे, पूर येतो तो इतर दोघींमुळे. जूनच्या अखेरीस आस्वानला पाणी चढू लागे, सप्टेंबरच्या सुमारास कळस होई आणि नोव्हेंबरपर्यंत नदी आपल्या पात्रात परते. हे मोसमी चक्र आपल्याला अनोळखी नाही. १८७७ साली नाईलचा पूर कमालीचा खाली राहिला. त्याच काळात दख्खनमध्ये १८७६–७८ चा भीषण दुष्काळ चालू होता. प्रशांत महासागरातल्या एल निनोने दोन्हीकडचा मोसमी पाऊस एकदमच मारला होता. इजिप्तच्या शेतकऱ्याला इथिओपियातला पाऊस कधी दिसला नाही, त्याच्या पुरोहितालाही पुराचे कारण ठाऊक नव्हते. हिरोडोटसनेही पुराच्या कारणांबद्दलची तेव्हाची मते तपासली. त्यांतले वितळत्या बर्फाचे मत त्याने हसण्यावारी नेले आणि स्वतःचे उत्तर दिले, तेही चुकलेच. ज्याचे कारण कळत नाही आणि ज्याच्याशिवाय जगता येत नाही, अशा गोष्टीवर हा देश उभा होता.

वर्षाची मांडणीही पुरानेच केली होती. इजिप्तचे तीन ऋतू, प्रत्येकी चार महिन्यांचे: पुराचा अखेत, जमीन पाण्यातून वर येण्याचा पेरेत आणि कापणीचा शेमू. तीस दिवसांचा महिना, असे बारा महिने आणि वर पाच दिवस. व्याधाचा तारा काही आठवडे अदृश्य राहून पहाटे पुन्हा पूर्वेला दिसला की पूर जवळ आला असे समजत. पण या दिनदर्शिकेत अधिक दिवस नव्हता. दर चार वर्षांनी ती एका दिवसाने घसरत गेली आणि काही शतकांत कागदावरचा पुराचा ऋतू भर हिवाळ्यात येऊ लागला. त्याने शेतीचे काही बिघडले नाही. कचेरीचे वर्ष आणि शेताचे वर्ष वेगळे असते हे तिथल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागले नाही. गाळाच्या जमिनीला ते ‘केमेत’, काळी भूमी, म्हणत. पलीकडच्या वाळवंटाला ‘देशरेत’, तांबडी भूमी. काळ्या पट्ट्याची रुंदी कुठे एखाद-दोन किलोमीटर, कुठे वीसेक. त्यावर पिकत असे ते मुख्यतः जव आणि गहू. हा गहू आपल्या ओळखीचा आहे: सांगली-साताऱ्याकडे ज्याला खपली म्हणतात, त्याच जातीचा. त्याचे टरफल मळणीने सुटत नाही, उखळात कांडावे लागते. जव आणि खपलीपासून भाकर आणि बिअर, जवसापासून कापड, शिवाय मसूर, कांदा, लसूण. राजाच्या पिरॅमिडापासून मजुराच्या रोजापर्यंत सगळे याच धान्यात मोजले जाई.

आता हिरोडोटसच्या आरामशीर शेतकऱ्याकडे वळू. नाईलचे खोरे बशीसारखे नाही, उलटे आहे. दरवर्षी काठावर जाड गाळ साचत गेल्याने नदीलगतची जमीन उंच आणि वाळवंटाकडची सखल होती. पूर आला की पाणी काठ ओलांडून मागच्या सखल भागांत शिरे. या नैसर्गिक खोलगटांना माणसांनी मातीचे बांध घालून आखले, त्यांत पाणी घेण्यासाठी काठ फोडून पाट काढले आणि पाणी पुढच्या खोलगटात सोडण्याची वाट ठेवली. पाणी साधारण चाळीस ते साठ दिवस कोंडून ठेवायचे, गाळ बसू द्यायचा, जमीन खोलवर भिजू द्यायची आणि मग ठरल्या वेळी सोडून द्यायचे. लवकर सोडले तर ओल पुरत नाही. उशिरा सोडले तर पेरणी लांबते आणि पिकाला उन्हाळा गाठतो. आपल्याकडे धरणाचे पाणी ओसरल्यावर होणारी गाळपेर पाहिलेल्या माणसाला ही घाई लगेच समजेल. वाफसा आला की मोजक्या दिवसांत पेरणी उरकावी लागते, नाहीतर काळी माती दगडासारखी होते. थडग्यांच्या भिंतींवर बैलांचे नांगर आहेत, ढेकळे फोडणारे मजूर आहेत, बी तुडवायला सोडलेली मेंढरे आहेत. बांध दरवर्षी फुटत, पाट दरवर्षी गाळाने भरत, आणि दरवर्षी ते पुन्हा उपसावे लागत. हिरोडोटसचे एक मात्र कबूल केले पाहिजे. शेजारच्या मेसोपोटेमियाशी तुलना केली तर नाईल खरोखरच समंजस होती. तैग्रिस आणि युफ्रेटिसचे पूर वसंतात, उभे पीक कापायला आलेले असताना येत. नाईलचा पूर कापणीनंतर आणि पेरणीआधी येई. मेसोपोटेमियात पाटाच्या पाण्याने जमिनीत मीठ साचत गेले; इजिप्तमध्ये दरवर्षीचा पूर मीठ धुऊन नेत असे आणि शतकाला सुमारे दहा सेंटीमीटर नवा गाळ देत असे. जमीन पडीक न ठेवता हजारो वर्षे पीक घेता आले ते यामुळे. नदीचे श्रेय इतके मोठे आहे. पण हे श्रेय पूर योग्य उंचीचा आला तरच लागू होते.

आणि ती उंचीच बिनभरवशाची होती. नदी किती चढावी याची एक अरुंद पट्टी होती. तिच्या खाली उपासमार, तिच्या वर विध्वंस. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात हा हिशेब देऊन ठेवला आहे. बारा हात पाणी म्हणजे उपासमार, तेरा म्हणजे टंचाई, चौदा बरे, पंधरा निश्चिंतीचे आणि सोळा म्हणजे सुकाळ. इजिप्तचा राजहात सुमारे बावन्न सेंटीमीटरचा होता. त्या मापाने उपासमार आणि सुकाळ यांच्यात अवघे दोन मीटर अंतर उरते. सोळाच्याही वर फार गेले की बांध वाहून जात, गावे आणि कोठारे भिजत, पाणी निघायला उशीर होई. इ.स.पू. आठव्या शतकात तिसऱ्या ओसोर्कोनच्या कारकिर्दीत पुराने लक्सरच्या मंदिरात शिरून देवाचे आवार पाण्याखाली घातले. त्याची नोंद मंदिराच्या भिंतीवर कोरलेली आहे. शिवाय घसरणीचा फटका सगळीकडे सारखा बसत नसे. पाणी थोडे कमी आले की नदीकाठची उंच जमीन आणि पाटांच्या टोकाची शेते कोरडी राहत. एकाच गावात एकाच्या शेतात गाळ आणि दुसऱ्याच्या शेतात भेगा. पुराला इजिप्तच्या लोकांनी हापी नावाचा देव मानले आणि त्याचे पोट सुटलेले, छाती ओघळलेली अशी मूर्ती घडवली. ते समृद्धीचे चित्र आहे, पण त्यात धाकही आहे. मोठ्या पोटाचा पाहुणा दरवर्षी येणार हे नक्की. भरल्या हाताने येईल की रिकाम्या, हे दारात उभा राहिल्यावरच कळणार.

इथे एक दमदार आक्षेप उभा राहतो. एवढी मोठी नदी, एवढे बांध आणि पाट: हे सगळे आवरायला बलाढ्य राजसत्ता हवीच, आणि म्हणूनच फेरो जन्मला, असे म्हणणारी एक परंपरा आहे. जर्मन-अमेरिकन अभ्यासक कार्ल विटफोगेल याने १९५७ साली ‘ओरिएंटल डेस्पॉटिझम’ या ग्रंथात ती सर्वांत ठाशीवपणे मांडली: मोठ्या सिंचनातून नोकरशाही निघते आणि नोकरशाहीतून निरंकुश राजा. पुरावा म्हणून ‘विंचू राजा’च्या दगडी गदेकडे बोट दाखवले जाते. इ.स.पू. ३१००च्या आसपासच्या या गदेवर राजा हातात कुदळ घेऊन पाटासारख्या एका रेषेजवळ उभा आहे. पण चित्रातली कुदळ समारंभाची असू शकते. पायाभरणीला मंत्री फावडे हातात घेतात म्हणून इमारत त्यांनी बांधली असे कोणी म्हणत नाही. १९७६ साली भूगोलाचे अभ्यासक कार्ल बुट्झर यांनी पुरावे एकत्र करून दाखवले की इजिप्तचे सिंचन बहुतांशी स्थानिक होते. नैसर्गिक खोलगट छोटे होते, आणि ते आखायला आसपासच्या गावांचे श्रम पुरत. पहिल्या राजवंशांच्या अधिकाऱ्यांच्या असंख्य पदव्या आपल्याला माहीत आहेत. त्यांत देशभरचे सिंचन सांभाळणारे खाते दिसत नाही. राजांनी पाणी वळवले नाही असे नव्हे, पण ज्या मोठ्या कामांची नोंद आहे त्यांचा हेतू बहुधा वेगळा आहे. सहाव्या राजवंशातला अधिकारी वेनी याने पहिल्या धबधब्यापाशी कालवे खोदले ते दगड वाहणाऱ्या नावांसाठी. खुफूच्या पिरॅमिडसाठी चुनखडी आणणाऱ्या मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी २०१३ साली तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर सापडली. तिच्यातले जलमार्गही गिझापर्यंत दगड पोहोचवण्याचेच आहेत. त्या काळातले सर्वांत धाडसी धरण, हेलवानजवळचे सुमारे चौदा मीटर उंचीचे, नाईलवर नव्हतेच. ते वाळवंटातल्या एका ओढ्यावर होते, आणि पुरते होण्याआधीच वाहून गेले. उलट, मध्यवर्ती सत्ता मोडून पडली होती त्या काळात अस्यूतचा प्रांताधिकारी खेती आपल्या थडग्यात अभिमानाने सांगतो की आपण दहा हात रुंद कालवा काढून गावाला पाणी आणले. राजा दुबळा असताना कालवा निघाला. म्हणजे कालव्यासाठी राजा अपरिहार्य नव्हता. मृतांच्या न्यायसभेत म्हणायच्या कबुलीतही माणूस आपण वाहते पाणी अडवले नाही असे सांगतो. पाण्याचे भांडण शेजाऱ्याशी होते, आणि ते पाप म्हणून मोजण्याइतके रोजचे होते.

मग राजसत्तेने केले काय? तिने नदीला फारसा हात लावला नाही. तिने नदी मोजली. पाचव्या राजवंशात कोरलेल्या, आज पालेर्मो येथे असलेल्या शिलाखंडावर राजांच्या वर्षनोंदी आहेत. जवळपास प्रत्येक वर्षाच्या चौकोनाखाली एक आकडा आहे: त्या वर्षी पूर किती हात, किती पंजे, किती बोटे चढला. युद्ध असो, मंदिराची पायाभरणी असो की मूर्ती घडवणे, खाली पुराचे माप आहेच. जगाच्या इतिहासात इतक्या जुन्या काळापासून निसर्गाची अशी सलग नोंद दुसरीकडे क्वचितच सापडते. पूर ओसरल्यावर जमीन मोजणारे दोरी घेऊन निघत. थीब्सच्या मेन्नाच्या थडग्यात उभ्या पिकात दोरी ताणणारे मोजणीदार आणि हिशेब लिहिणारे लेखनिक रंगवलेले आहेत. त्यांचे माप शंभर हात लांब आणि शंभर हात रुंद, आपल्या हिशेबाने सुमारे २७ गुंठे. इ.स.पू. बाराव्या शतकात पाचव्या रॅमसिसच्या कारकिर्दीतल्या, दहा मीटरहून लांब विल्बर पपायरसमध्ये मध्य इजिप्तमधल्या अशा हजारो तुकड्यांची मोजणी आहे: कोणाच्या नावावर, किती, आणि किती धान्य अपेक्षित. आपल्याकडची आणेवारी समजणाऱ्याला हा कागद परका वाटणार नाही. साठवणीची सवय तर फेरोंच्याही आधीची. फायूमच्या सरोवराच्या काठावर इ.स.पू. पाचव्या सहस्रकातली, गवताचे अस्तर लावलेली दीडशेहून अधिक पेवे गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन यांनी १९२०च्या दशकात उघडली. काहींत गहू आणि जव अजून शिल्लक होते. त्या गावपेवांपासून दुसऱ्या रॅमसिसच्या मंदिरामागे आजही उभ्या असलेल्या कच्च्या विटांच्या कमानदार कोठारांपर्यंत एकच धागा जातो. बॅरी केम्प या पुरातत्त्वज्ञाच्या हिशेबाने ती कोठारे भरली तर सुमारे ३,४०० कुटुंबांना वर्षभर पुरतील इतके धान्य मावत असे. राजसत्तेची खरी करामत इथे आहे. चांगल्या वर्षाचे धान्य वाईट वर्षापर्यंत आणि वरच्या गावचे धान्य खालच्या गावापर्यंत नेणे हे तिचे काम. पूर वाढवणे नव्हे.

हे काम राजवाड्यापुरते नव्हते, याचा एक विलक्षण पुरावा १९२१–२२च्या हंगामात हर्बर्ट विनलॉक यांना थीब्सजवळ एका थडग्यात सापडला. हेकानख्त नावाच्या एका मध्यम शेतकऱ्याची ही पत्रे आहेत, बाराव्या राजवंशाच्या आरंभीची, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची. तो एका मोठ्या अधिकाऱ्याच्या थडग्याचा पुजारी होता आणि कामासाठी घरापासून दूर राहत होता. पूर खाली राहिल्याचे वर्ष होते. पत्रांतला माणूस चिडखोर आहे. बी वाया घालवू नका, कोणती जमीन खंडाने घ्यायची ती आधी पाहून घ्या, तिथे चांगले पाणी चढले असेल तरच घ्या, खंडासाठी घरात विणलेले कापड द्या, अशी त्याची बारीकसारीक फर्माने आहेत. मग घरातल्या प्रत्येकाचे नाव आणि प्रत्येकाचा ठरवलेला शिधा येतो. आई, मुलगे, नोकरमाणसे, सगळ्यांची यादी. शिधा कापला आहे, आणि कापण्याचे माप पुराच्या उंचीवरून घेतले आहे असे तो स्वतःच सांगतो. दुसरीकडे लोक माणसे खाऊ लागल्याची भीतीही तो घालतो, कदाचित कुरकुर थांबवण्यासाठी. या घरातल्या भांडणात इजिप्तचे सारे अर्थशास्त्र दिसते. नदीने कमी दिले आहे, आणि तरी घर उपाशी मरत नाही, कारण वेळेत मोजले गेले आहे. हेकानख्तने हापीला काय नवस केला ते कळत नाही. त्याने यादी केली एवढे निश्चित.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. इ.स.पू. २२००च्या सुमारास आफ्रिका आणि पश्चिम आशियातला पाऊस आटला, नाईलचे पूर खालावले आणि पिरॅमिड बांधणारे जुने राज्य कोसळले, असे हवामानाचे अनेक अभ्यासक मांडतात. सरोवरांच्या तळातल्या गाळातून मिळालेला कोरड्या काळाचा पुरावा भक्कम आहे. मोआल्लाच्या थडग्यात प्रांताधिकारी आंख्तिफी लिहितो की दक्षिण इजिप्त भुकेने मरत होता आणि लोक आपली मुले खात होते. मग नदीच खरी धनीण आणि मोजमाप ही तिच्या मेहेरबानीची खेळी, असे का म्हणू नये? दोन गोष्टींमुळे. पहिली आंख्तिफीच्याच शिलालेखात आहे. तो उपासमारीचे वर्णन करतो ते आपण आपल्या प्रांतात कोणाला भुकेने मरू दिले नाही आणि शेजारच्या गावांनाही धान्य दिले हे सांगण्यासाठी. थडग्यातली बढाई वजा करूनही एक गोष्ट उरते: एकाच पुरात काही कोठारे भरलेली होती आणि काही रिकामी. पूर सगळ्यांचा एक, भूक मात्र वेगवेगळी. दुसरी गोष्ट पालेर्मो शिलेत आहे. बार्बरा बेल यांनी त्या आकड्यांची सरासरी काढली तेव्हा दिसले की पहिल्या राजवंशाच्या मानाने पुढच्या राजवंशांत पुराची पातळी खालावली होती. माप घेण्याच्या जागा बदलल्या असतील, गाळाने जमीन उंचावली असेल, हे धरूनही आकड्यांचा कल लक्षात घ्यावा लागतो. आणि गिझाचे पिरॅमिड त्या चढत्या नव्हे, उतरत्या पातळीच्या काळात उभे राहिले. खालावलेली नदी आणि राज्याचा कळस एकाच वेळी असू शकतात, तर खालावलेली नदी एकटी राज्य बुडवते असे म्हणता येत नाही. जुन्या राज्याच्या अखेरीस राजाने देवस्थानांना करमुक्त जमिनी दिल्या होत्या, प्रांताधिकारी वंशपरंपरागत झाले होते, आणि दुसरा पेपी अतिशय दीर्घकाळ गादीवर होता. आटलेल्या पुराने घाव घातला. पण तो जिथे आधीच तडा गेला होता तिथे बसला.

उलट बाजूही नोंदलेली आहे, आणि ती जास्त बोलकी आहे. तिसऱ्या रॅमसिसच्या २९व्या वर्षी, इ.स.पू. ११५७च्या सुमारास, राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचा धान्याचा रोजमुरा थकला. कारागीर दर महिन्याला ठरावीक पोती खपली आणि जव घेत. धान्य आले नाही तेव्हा ते हत्यारे टाकून मंदिरांच्या भिंतींपाशी जाऊन बसले. लेखी नोंद असलेला हा पहिला संप मानला जातो. नोंदीत नदीबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती राजाच्या ठिकाणी चाललेल्या गैरकारभाराची. वझिराने कोठारातच काही नाही असे उत्तर पाठवले. अशी कोठारे कशी रिकामी होत याचा एक अंदाज त्याच सुमाराच्या एका खटल्याच्या कागदावरून येतो. उत्तरेकडून आस्वानच्या एलिफंटाइन बेटावरच्या ख्नुम देवाच्या मंदिराला दरवर्षी ७०० पोती धान्य नावेने जायचे. नावेच्या तांडेलाने लेखनिकांशी संगनमत करून काही वर्षांत पाच हजारांहून अधिक पोती वाटेतच जिरवल्याचा आरोप त्या कागदात आहे. ख्नुम हा पुराच्या उगमाचा रखवालदार देव. त्याच्याच नैवेद्याचे धान्य गळत होते, आणि गळती नदीत नव्हती, नावेत होती.

यावर कोणी म्हणेल, की ही लेखनिकांची बाजू झाली. कागद त्यांनी लिहिले, म्हणून श्रेयही त्यांनाच जाते. हा आक्षेप मान्य करण्यासारखा आहे. शेतकऱ्याचे हाल लेखनिकांनीच आपल्या शाळांतल्या धड्यांत रंगवले आहेत: उंदीर, टोळ, पाणघोडे, आणि पीक बुडाल्यावर सारा मागायला आलेले काठीवाले. विद्यार्थ्यांनी लेखनिकच व्हावे म्हणून लिहिलेले ते धडे असल्याने अतिशयोक्ती आहेच, पण काठी खोटी नाही. मोजणारा शेतकऱ्याचा मित्र होता असे म्हणायचे नाही. तो सारा घेत होता, आणि त्या साऱ्यातला मोठा भाग मंदिरे, सैन्य आणि पिरॅमिड यांत जात होता. एवढेच म्हणायचे आहे की पूर आणि भूक यांच्या मध्ये उभी असलेली गोष्ट ही होती, आणि ती प्रामाणिक होती की सडलेली, यावर लाखो माणसांचे पोट ठरत होते. पुढच्या राज्यकर्त्यांनी हे बरोबर ओळखले. टोलेमी राजांनी फायूमच्या सरोवराचे पाणी आवरून नवी शेती काढली. रोमने इजिप्त जिंकला तेव्हा त्याला नदीबरोबर एक तयार यंत्रणाही मिळाली, मोजणीपासून बंदरापर्यंतची, आणि तिच्यातून निघणारे धान्य त्याने आपल्या राजधानीकडे वळवले. नाईल पूर्वीइतकीच देत राहिली. पदर मात्र आता दुसऱ्याचा होता.

पाणी उचलण्याच्या साधनांनी हे चित्र फारसे बदलले नाही. ‘नवे राज्य’ म्हणतात त्या काळात आलेला शाडूफ, म्हणजे एका टोकाला बादली आणि दुसऱ्याला मातीचे वजन लावलेली दांडी, बागेपुरता होता. रहाट ग्रीक-रोमन काळात आले. पुरावर अवलंबून असलेली शेती एकोणिसाव्या शतकापर्यंत मूळ रूपात टिकली. मग कालवे बारमाही झाले, १९०२ साली आस्वानचे पहिले धरण झाले, आणि १९६० ते १९७० या काळात उभ्या राहिलेल्या उंच धरणाने पूर कायमचा अडवला. आज इजिप्तमध्ये उपासमारीचा पूर नाही आणि सुकाळाचाही नाही. गाळ धरणामागे बसतो, शेतात खत विकत आणावे लागते, आणि मिठाचा प्रश्न, जो नदी फुकट सोडवत असे, आता निचऱ्याच्या चाऱ्या काढून सोडवावा लागतो. राजांनी तीन हजार वर्षांत जे केले नाही ते विसाव्या शतकाने केले: त्यांनी नदी मोजली, याने नदी बदलली.

कर्नाकला पहिल्या सेनुस्रेतने बांधलेली पांढऱ्या दगडाची एक छोटी देवळी आहे. नंतरच्या एका राजाने ती मोडून तिचे दगड आपल्या दरवाज्याच्या भरावात घातले होते. विसाव्या शतकात ते काढून ती पुन्हा जुळवली. तिच्या पायथ्यावर देशाचे प्रांत कोरलेले आहेत, आणि सोबत पुराची अपेक्षित उंची: एलिफंटाइनला २१ हातांहून थोडी अधिक, आजच्या कैरोजवळ १२ हातांहून थोडी अधिक, त्रिभुज प्रदेशाच्या टोकाला सहा हातांहून थोडी अधिक. एलिफंटाइनपासून त्या प्रदेशाच्या मुखापर्यंत देशाची लांबीही दिली आहे: १०६ ‘इतेरू’. इतेरू हे साडेदहा किलोमीटरचे माप. आणि इतेरू हाच नदीचाही शब्द. नाईलला ते वेगळे नाव देत नसत, नुसते ‘नदी’ म्हणत. ज्या नदीवर जगायचे तिच्याच नावाने त्यांनी अंतर मोजले. बहुतेक अभ्यासकांच्या मते याच सेनुस्रेतच्या काळात हेकानख्त आपल्या माणसांच्या शिध्याची यादी लिहीत होता. एक आकडेवारी दगडावर, देवासाठी. दुसरी पपायरसवर, घरातल्या भुकेल्या तोंडांसाठी. दोन्हींचा आरंभ एकाच प्रश्नाने होतो: यंदा पाणी किती हात चढले?